बहुपदींचा भागाकार आणि अग्रसहगुणकाची अट

बहुपदींच्या भागाकाराची रीत शाळेतच अंगवळणी पडते आणि मग तिच्याकडे सहसा कोणी पुन्हा पाहत नाही. पदव्युत्तर अभ्यासात वलय व क्षेत्र या संकल्पनांशी गाठ पडते, तेव्हा मात्र ही रीत कोठे चालते व कोठे अडते हे न उमगल्यामुळे अनेक सिद्धता निव्वळ पाठांतराच्या होऊन बसतात. म्हणून या रीतीचा आधार तपासणे अगत्याचे आहे.

रीत जुनी आहे. बाराव्या शतकात बगदादचा गणिती अस्-समौअल हा बहुपदींचे सहगुणक कोष्टकात मांडून भागाकार करी; जो घात नसेल त्याच्या स्तंभात तो शून्य लिही. तीच दक्षता आजही लागते. २क्ष³ + ३क्ष² − ५ या भाज्यात ०क्ष हे पद घालून त्यास क्ष − २ ने भागल्यास भागाकार २क्ष² + ७क्ष + १४ व बाकी २३ येते. क्ष = २ घेतल्यास भाज्याची किंमतही २३ येते, हा शेषसिद्धान्ताने मिळणारा ताळा होय.

प्रत्येक टप्प्यावर भाज्याचे सर्वोच्च घाताचे पद नाहीसे होते. घात उतरत जातो व क्रिया संपते. या सर्व खटाटोपात सहगुणकांचा प्रत्यक्ष भागाकार एकाच ठिकाणी करावा लागतो, तो म्हणजे भाजकाच्या सर्वोच्च पदाच्या सहगुणकाने, अर्थात अग्रसहगुणकाने. तो १ किंवा −१ असेल तर पूर्णांकांतही रीत निर्वेध चालते. परंतु क्ष² + १ ला २क्ष + १ ने भागू लागताच पहिल्याच टप्प्यात क्ष/२ हे पद येते आणि पूर्णांक सुटतात. परिमेय संख्यांत भागाकार क्ष/२ − १/४ व बाकी ५/४ मिळते. पूर्णांकांतच राहावयाचे असल्यास भाज्याला आधी २² ने गुणावे लागते:

४(क्ष² + १) = (२क्ष + १)(२क्ष − १) + ५

या अडचणीचे परिणाम दूरगामी आहेत. सिमॉन स्टेव्हिनने १५८५ साली युक्लिडची महत्तम साधारण विभाजक काढण्याची रीत बहुपदींना लावली. तिचा प्रत्येक टप्पा भागाकारावर उभा आहे. परिमेय सहगुणक घेतल्यास दोन बहुपदींचा महत्तम साधारण विभाजक त्यांच्याच पटींच्या बेरजेने मांडता येतो. पूर्णांक सहगुणकांत २ आणि क्ष यांना १ व −१ खेरीज साधारण विभाजक नाही; तरीही २प + क्षफ = १ अशा प, फ या बहुपदी मिळत नाहीत. कारण क्ष = ० घेतल्यास डावी बाजू सम संख्या होते, उजवी १ राहते.

सारांश, भाजकाच्या अग्रसहगुणकाचा व्यस्त त्याच वलयात असला की भागाकार निश्चित होतो. क्षेत्रात ही अट प्रत्येक शून्येतर भाजक आपोआप पुरी करतो. वलयात ती प्रत्येक वेळी तपासावी लागते.