हिमभंजक जहाजाची रचना : 'विंड' वर्गाचे उदाहरण

मावळातील लोणावळ्यास समुद्र दिसत नाही. तथापि जहाजांच्या यंत्रविद्येचे शिक्षण देणारी भारतीय नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून तेथेच आहे. इंजिन आणि पंखा यांचा परस्परसंबंध हा या विद्येतील मूलभूत प्रश्न होय, आणि त्याची खरी कसोटी हिमभंजक जहाजात लागते. अमेरिकेत १९४४ ते १९४७ या काळात सेवेत दाखल झालेली 'विंड' वर्गाची सात जहाजे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

हिमभंजक जहाज बर्फ कापीत जाते, हा समज बरोबर नाही. बर्फ दाब पुष्कळ सोसतो, वाक मात्र फारच थोडा. यास्तव जहाजाची नाळ तिरपी ठेवतात. जहाज बर्फावर चढते आणि आपल्या भाराने त्यास वाकवून मोडते. 'विंड' जहाजे सुमारे ८२ मीटर लांब व १९ मीटर रुंद, म्हणजे चांगलीच आटोपशीर होती. दोन्ही कुशींतील टाक्यांत पाणी इकडून तिकडे खेळवून अडकलेले जहाज डोलवीत व मोकळे करीत.

पंख्यात बर्फाचा तुकडा अडकला, की त्यास थेट जोडलेले डिझेल इंजिन बंद पडण्याचे भय असते. एकदिश प्रवाहाचे विद्युत् मोटर मात्र जवळजवळ थांबलेल्या स्थितीतही मोठे परिबल देऊ शकते. म्हणून येथे सहा डिझेल इंजिनांनी जनित्रे फिरविली व पंखे मोटरांवर चालविले. ऊर्जेच्या या दुहेरी रूपांतरात काही शक्ती वाया जाते. ती किंमत रचनाकारांनी जाणून मोजली. नाळेखाली बसविलेला तिसरा पंखा मात्र जाड बर्फात टिकेना, आणि तो पुढे काढून टाकावा लागला.

बर्फाच्या चेपणीत जहाज चिरडले न जाता वर उचलले जावे म्हणून त्याचे पोट गोलाकार करतात. हाच आकार मोकळ्या समुद्रात जहाजास बेसुमार हेलकावे देतो. भारताच्या दृष्टीने हा दोष किरकोळ नव्हे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजाने निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. या मार्गावर बर्फ लागण्यापूर्वी दक्षिण गोलार्धातील चाळीस अंशांपलीकडचे वादळी पाणी ओलांडावे लागते. अशा प्रवासास निव्वळ हिमभंजकाहून, मध्यम बर्फ सोसणारे पण मोकळ्या समुद्रात स्थिर राहणारे जहाज अधिक सोयीचे ठरते.