मारिया फॉन लिंडेन: अपवाद म्हणून मिळालेलं विद्यापीठ

आज आपण एका जर्मन सरदार घराण्यातल्या शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून घेणार आहोत. त्यांचं नाव काउंटेस मारिया फॉन लिंडेन. समुद्री गोगलगायींचे शंख, फुलपाखरांचे पंख आणि क्षयरोगाचे जंतू, असा त्यांच्या अभ्यासाचा पल्ला आहे. त्यांचं आयुष्य पाहताना एक प्रश्न मनात ठेवूया. बंद दारातून एखाद्याच व्यक्तीला खास परवानगीने आत घेतलं, तर दार उघडलं असं म्हणता येईल का?

मारियाचा जन्म १८६९ सालचा, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग राज्यात, बुर्गबेर्गच्या गढीत. घराणं मोठं. पण त्या काळी अशा घरातल्या मुलीचं शिक्षण म्हणजे कार्ल्सरूऽच्या निवासी शाळेत थोड्या भाषा, थोडे शिष्टाचार आणि मग लग्न. मारियाला मात्र घराजवळच्या ह्युर्बे नावाच्या ओढ्याने वेड लावलं.

हा सगळा भाग चुनखडीच्या डोंगरांचा आहे. झऱ्याच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. त्या पाण्यात कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळ्या राहतात. ही अळी वाळूचे कण, काड्या असं काहीबाही चिकटवून स्वतःभोवती एक नळी बांधते आणि तिच्यात राहते. अशा रिकाम्या नळ्यांवर चुन्याचे थर बसत जातात आणि हळूहळू त्यांचा दगड होतो. म्हणजे दगड नीट पाहिला तर त्यात किड्यांची घरं दिसतात! मारियाने याचा अभ्यास केला आणि १८९० साली तो प्रसिद्धही झाला. तेव्हा तिचं वय अवघं एकवीस होतं आणि कॉलेजचं तोंडही तिने पाहिलेलं नव्हतं.

आता पुढे शिकायचं तर शालान्त परीक्षा हवी, आणि मुलींच्या शाळेत ती नव्हतीच. मारियाने घरी अभ्यास केला आणि १८९१ मध्ये श्टुटगार्टला मुलांच्या शाळेतून बाहेरची उमेदवार म्हणून परीक्षा दिली. व्युर्टेम्बर्गमध्ये ही परीक्षा उत्तीर्ण होणारी ती पहिली मुलगी. पुढच्याच वर्षी ट्यूबिंगेन विद्यापीठाने तिला घेतलं. ते मात्र नियमित विद्यार्थी म्हणून नव्हे, तर खास परवानगीने, अपवाद म्हणून.

हे कसं जमलं? गुणवत्ता होतीच. पण घराण्यातले एक वडीलधारे, योझेफ फॉन लिंडेन, हे राज्याचे माजी गृहमंत्री होते. त्यांनी आपलं वजन खर्ची घातलं. इथे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे की एखाद्या शिक्षकाच्या किंवा विणकराच्या तितक्याच हुशार मुलीला हे दार उघडलं नसतं. स्त्रियांच्या उच्चशिक्षणासाठी लिहिणाऱ्या ट्यूबिंगेनच्या मथिल्डं वेबर यांनीही मारियाला आधार दिला.

ट्यूबिंगेनमध्ये प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर आयमर हे त्यांचे मार्गदर्शक. १८९५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता समुद्री गोगलगायींच्या शंखांवरची नक्षी आणि उंचवटे. हा विषय का महत्त्वाचा? शंख वाढतो तो तोंडाच्या कडेकडून. टोकाकडचा भाग सगळ्यात जुना, म्हणजे प्राण्याच्या बालपणीचा, आणि तोंडाजवळचा भाग ताजा. त्यामुळे एकाच शंखावर त्या प्राण्याची अख्खी वाढ वाचता येते. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखंच हे.

पुढे १८९९ मध्ये मारिया बॉनला गेल्या. बॉन तेव्हा प्रशिया राज्यात होतं. तिथे त्यांनी फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगद्रव्यांवर काम केलं आणि त्याबद्दल पॅरिसच्या विज्ञान अकादमीचं पारितोषिकही मिळवलं. सगळंच काम टिकलं असं नाही. फुलपाखरांचे कोष वनस्पतींप्रमाणे हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरतात, असा त्यांचा एक दावा होता, तो आज मानला जात नाही. तांब्याच्या संयुगांनी क्षयरोग बरा करण्याचे त्यांचे प्रयोगही पुढे मागे पडले. संशोधनात असं चालायचंच. पुरुष शास्त्रज्ञांचेही दावे असे पडतात, आणि म्हणून कोणी त्यांची खुर्ची काढून घेत नाही.

खुर्चीचा विषय निघालाच आहे, तर १९०८ या सालाकडे वळूया. जर्मनीत तेव्हा विद्यापीठात शिकवायचं तर डॉक्टरेट पुरत नसे. त्यानंतर आणखी एक परीक्षा असते, तिला हॅबिलिटेशन म्हणतात. ती झाली की व्याख्यानं देण्याचा हक्क मिळतो. मारियांनी त्यासाठी बॉनमध्ये अर्ज केला. अर्ज बाईचा! प्रकरण थेट बर्लिनच्या मंत्रालयात गेलं. मंत्रालयाने सगळ्या प्रशियन विद्यापीठांचं मत मागवलं, आणि १९०८ मध्ये उत्तर आलं की स्त्रियांना हा हक्क देता येणार नाही.

गंमत पाहा, किंवा क्रूरपणा म्हणा. त्याच वर्षी प्रशियाने मुलींना विद्यापीठात नियमित प्रवेश खुला केला. त्याच वर्षी बॉनमध्ये परोपजीवी जंतूंच्या अभ्यासाचा विभाग मारियांच्या हाती दिला गेला. म्हणजे मुली बाकावर बसू शकत होत्या, मारिया प्रयोगशाळा चालवू शकत होत्या, पण त्या मुलींसमोर उभं राहून शिकवू शकत नव्हत्या. १९१० साली त्यांना ‘प्रोफेसर’ ही पदवी मिळाली. नावापुढे लावायला, शिकवायला नाही!

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ट्यूबिंगेनने १८९२ मध्ये मारियांना घेतलं, पण व्युर्टेम्बर्गमध्ये मुलींना रीतसर प्रवेश मिळाला तो १९०४ मध्ये. मधली बारा वर्षं अपवाद हा अपवादच राहिला. प्रशियात शिकवण्याचा हक्क स्त्रियांना १९२० मध्ये मिळाला, तोही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक एडिट श्टाइन यांनी मंत्रालयाकडे दाद मागितल्यावर. मारिया तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. नियम बदलल्यावर मात्र दार खऱ्या अर्थाने उघडलं. आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या, त्या याच प्रशियातल्या विद्यापीठात, आणि त्यासाठी त्यांना कुणा माजी मंत्र्याची चिठ्ठी लागली नाही.

म्हणून अपवाद निरुपयोगी होता का? तसंही नाही. बाईला हे जमणारच नाही, असं म्हणणाऱ्यांना एक जिवंत उदाहरण समोर बघावं लागत होतं. मारियांच्या अर्जामुळेच मंत्रालयाला आपलं ‘नाही’ लेखी द्यावं लागलं. लेखी नकाराविरुद्ध भांडता येतं. नुसत्या रिवाजाविरुद्ध भांडणं फार अवघड असतं.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि मारियांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. त्या लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशात गेल्या आणि १९३६ साली तिथेच वारल्या. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने आल्या १९९१ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी.

आज आपल्या संस्थांत एखादी बाई वरच्या पदावर दिसली की आपण लगेच टाळ्या वाजवतो. वाजवाव्यात. पण त्याबरोबर विचारून घ्यावं, ही आली ती नियमाने की परवानगीने? इथे थांबूया आणि तुमचे प्रश्न घेऊया.