नगरच्या कैदेत कोरलेलं लाकूड

मालेगावहून मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी करत नगरला पोचलं की तिथला भुईकोट किल्ला सगळे ओळखतात तो नेहरूंच्या 1942 ते 1945 च्या तुरुंगवासामुळे. त्याआधी चार दशकं इथे दक्षिण आफ्रिकेतले बोअर (डच वंशाचे वसाहतकरी) युद्धकैदी होते. त्यांच्या कैदेतल्या लाकडी वस्तू आजही त्यांच्या वंशजांच्या घरांत जपलेल्या आहेत.

इंग्रजांविरुद्धच्या बोअर युद्धात (1899-1902) पकडलेल्यांपैकी सुमारे 9,000 जणांना इंग्रजांनी हिंदुस्थानात आणलं. इतर अनेकांना सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा इथे नेलं. मायदेशी ठेवले तर निसटून पुन्हा बंदूक उचलतील, ही धास्ती. अंबाला, शाहजहानपूर, त्रिचनापल्ली आणि नगर इथे छावण्या पडल्या.

या कैद्यांतले बरेचसे शेतकरी. दिवस सरता सरत नसे, तेव्हा त्यांनी खिशातला चाकू काढला. मिळेल ते लाकूड, नाहीतर हाडाचा तुकडा घेऊन डब्या, चिलमी, ब्रूच, हातातल्या काठ्या घडवल्या, त्यांवर अक्षरंही कोरली. काही पहारेकऱ्यांना विकल्या, काही घरच्यांसाठी राखल्या.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. सुताराच्या पटाशीचा घाव सरळ बसतो. चाकूने अक्षर कोरायचं तर दोन्ही अंगांनी तिरपा काप देऊन मधली बारीक ढलपी उचलावी लागते. सरळ रेघ निभते, पण गोलाई आली की चाकू लाकडाच्या रेषेला आडवा जातो, आणि जरा जोर झाला की कड उडते. म्हणून अशा वस्तूवरचं वळणदार नाव पाहताना मालेगावातला सुतारही दाद देईल.

कोरलेलं नाव, छावणी, वर्ष: या तीन गोष्टींमुळे साधी डबी इतिहासाचा पुरावा ठरते. 31 मे 1902 ला तह झाला, तरी इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ नाकारणारे काहीजण नगरलाच राहिले. त्यांची समजूत काढायला बोअरांचेच सेनापती द ला रे 1903 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. त्यामुळे तहानंतरचं वर्ष कोरलेली नगरची एखादी वस्तू सापडली, तर ती या हट्टाचीही साक्ष देते.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनच्या युद्धसंग्रहालयात बोअर कैद्यांच्या अशा वस्तू जतन केलेल्या आहेत. छावणीत वस्तू विकल्या गेल्या होत्या, तेव्हा एखादी आपल्याकडेही राहिली असू शकते. नगर-नाशिक भागात कुणाच्या माळ्यावर रोमन लिपीतली अक्षरं कोरलेली जुनी काठी किंवा डबी असेल, तर तिला घासकागद लावू नका, पॉलिशही करू नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ती घरात कशी आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि नगरच्या वस्तुसंग्रहालयाला कळवा.