आधी गळती, मग हौस

मुलाच्या स्पोर्टी गाडीला हेडर बसवायला गटाकडे कर्ज मागितलं, की आम्ही आधी विचारतो, आवाज कसा येतो? इंजिन थंड असताना टकटक आणि तापल्यावर कमी, तर बहुधा मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलंय. खालून खडखड असेल तर पत्रा किंवा क्लॅम्प सैल असेल. घोगरा मोठा आवाज असेल तर सायलेन्सरला भोक पडलंय का, ते बघा. ही दुरुस्ती हेडरपेक्षा स्वस्त पडते.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरची नळी वेगळी, म्हणून धूर मोकळा निघतो. पण ताकद थोडीच वाढते, आवाज मात्र जास्त. आवाज-धुराचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

गळती असेल तर बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो.