दवाखान्यातून ती निघून का आली?



आमच्या गटातल्या एका गोंड मावशींची सून पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात भरती झाली, आणि कळा सुरू असतानाच रात्री घरी निघून आली. बाळंतपण घरीच झालं. मायलेक वाचले, पण तिचं रक्त फार गेलं. दुसऱ्या दिवशी मी गेले ती रागातच. "गाडी फुकट, औषध फुकट, तरी निघून येतेस?" असं तिला बोलले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मावशी म्हणाल्या, "ताई, काय झालं ते आधी विचारा तरी तिला."

मग विचारलं. सासूला दाराबाहेर थांबवलं होतं. सिस्टर भराभर मराठीत बोलत होत्या, आणि हिला नीट येते ती गोंडीच. तपासताना मध्ये पडदा नव्हता. गळ्यातला दोरा कापून टाकला, तो घरच्यांनी पोटातल्या बाळासाठी बांधलेला होता. गरम पाणी मागितलं ते कोणाला समजलंच नाही. तिच्या जागी आपण असतो तर थांबलो असतो का? सिस्टर वाईट होत्या असंही नाही. त्या रात्री सगळ्या वॉर्डाला त्या एकट्याच होत्या.

ही एका सुनेची गोष्ट नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था गडचिरोलीत १९८६ पासून काम करते. आदिवासी माणसं दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात, आणि आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात. शिवाय नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामला आदिवासी गावासारख्या झोपड्यांचा दवाखाना झाला. नातेवाईक रोग्याजवळ राहू लागले. दवाखान्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं, लोकांच्याच देवीचं. औषधं तीच, सुया त्याच, पण माणसं येऊ लागली.

सगळीकडे झोपड्या बांधता येणार नाहीत. पण दोरा कापण्याआधी विचारता येतं. ऑपरेशनसाठी तो काढावाच लागला तर फडक्यात बांधून सासूच्या हाती देता येतो. पडदा नसेल तर लुगडं धरता येतं. "समजलं का?" असं विचारलं की घाबरलेली बाई मान हलवते, समजलेलं नसलं तरी. त्यापेक्षा "आता घरी गेल्यावर काय करशील, मला सांग" म्हटलं की खरं कळतं.

म्हणजे प्रत्येक रीत चालवून घ्यायची का? नाही. गरम पाण्यानं, दोऱ्यानं काही बिघडत नाही, ते राहू द्यावं. पण पहिलं पिवळं घट्ट दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याची रीत बाळाच्या जिवावर येते. त्या दुधात रोगाशी लढायची ताकद असते, म्हणून तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. इथे सिस्टरनी अडूनच बसावं. फक्त नुसतं सुनेला ओरडून उपयोग नाही. घरात ज्या म्हातारीचा शब्द चालतो, तिला शेजारी बसवून समजावावं लागतं.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी ओळखीची एक बाई सोबत ठेवण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली आहे. ती बाई शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, आणि तिनं उपचारात मध्ये पडू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतपण, औषधं, जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. जेवणही मिळतं, साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. दारात कोणी अडवलं तर भांडू नका, शांतपणे हे सांगा.

त्याच सुनेचं दुसरं बाळंतपण यंदा त्याच दवाखान्यात झालं. गोंडी आणि मराठी दोन्ही येणारी आमच्या गटातली एक बाई सोबत गेली. भाषा, दोरा, गरम पाणी, हे तिनं सिस्टरना पोहोचल्याबरोबर सांगितलं. चीक पाजायला मावशी आधी तयार नव्हत्या. सिस्टरनी त्यांना स्टुलावर बसवलं, दहा मिनिटं समजावलं, मग बाळ त्यांच्याच हातात दिलं. सुनेच्या छातीशी लावलं ते मावशींनीच.

आम्ही दोन्ही भाषा येणाऱ्या बायांची यादी करून आशाताईंकडे दिली आहे. तुमच्या गटात अशी कोण आहे, ते येत्या बैठकीत विचारा, आणि या महिन्यात कोणाचे दिवस भरत आलेत तेही लिहून घ्या.