ओपीडीला गाडीने जाताय? मग पार्किंगचा वेगळा माणूस घ्या

आज विषय साधा आहे: घरातल्या आजी-आजोबांना गाडीने ओपीडीला कसं न्यायचं. उदाहरण घेऊ मुंबईत परळच्या केईएमचं. १९२६ साली सुरू झालेलं हे महापालिकेचं हॉस्पिटल. हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल आणि वाडिया. म्हणजे सकाळी त्याच दोन-चार रस्त्यांवर तिन्हीकडचे पेशंट, नातेवाईक, टॅक्सी आणि ॲम्ब्युलन्स.

मॅपवर जी ४५ मिनिटं दिसतात ना, ती गेटपर्यंतची. आजोबांचा नंबर लागतो केसपेपर काढल्यावर. मधे पार्किंग शोधणं, व्हीलचेअर मिळवणं, रांगेत उभं राहणं, हे मॅपला कुठून कळणार?

कोड लिहिताना आम्ही एक बघतो: दोन कामं एकमेकांवर अवलंबून नसतील तर ती एकाच वेळी चालवायची. इथे ती दोन कामं म्हणजे पार्किंग आणि केसपेपर. म्हणून गाडीत तिसरा माणूस हवाच. तो आजोबांना घेऊन गेटवर उतरेल. जुने रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी, आधार कार्ड असलेली पिशवीही त्याच्याकडेच द्या. ती डिकीत राहिली तर सगळं अडलं. तुम्ही निवांत पार्किंग शोधा. तिसरं कोणी नसेल, तर सरळ टॅक्सी करा. आजोबांना फुटपाथवर एकटं बसवून पार्किंग शोधत फिरू नका.

आता रस्ता. पुण्याहून किंवा पनवेलकडून येत असाल तर वाशी-चेंबूर-सायन हा नेहमीचा मार्ग. दुसरा अटल सेतूचा, जानेवारी २०२४ पासून सुरू. टोल लागतो, पण तो थेट शिवडीला उतरवतो आणि तिथून परळ जवळ. वरळी-प्रभादेवीकडून येणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. मग दादरचा टिळक पूल किंवा करी रोडचा पूल, आणि तिथली गर्दी धरूनच निघा.

आदल्या रात्री मॅपमध्ये पोहोचायची वेळ टाकून बघा. रात्री अकराला दिसणारा रिकामा रस्ता सकाळी आठला तसा नसतो.

आणि हो, गेटसमोर 'दोनच मिनिटं' म्हणून गाडी लावू नका. तेवढ्यात मागे ॲम्ब्युलन्स अडकू शकते, आणि तिच्यात कुणाचे तरी आजोबा असतात.

भेटू पुढच्या भागात!