माइक बंद, खेळ चालू

सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये कांदिवलीला चढणाऱ्या बायकांना चौथ्या सीटचीही आशा नसते. तरी एका हाताने कडी धरून दुसऱ्या हातात लुडो किंग चालू असतो, नाहीतर कॅन्डी क्रश. यांतल्या कुणाला ‘तुम्ही गेमर का?’ असं विचारलं तर ती हसेल. गेमर म्हणजे चारकोपला किंवा ठाकूर व्हिलेजमध्ये रात्री सोसायटीच्या जिन्यात बसून, हेडफोन लावून ‘बीजीएमआय’ या नेमबाजीच्या मोबाइल गेममध्ये आरडाओरडा करणारी मुलं, ही आपली पक्की समजूत. अमेरिकेतही तेच. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१५च्या पाहणीत व्हिडिओ गेम खेळणारे पुरुष ५० टक्के आणि स्त्रिया ४८ टक्के निघाल्या. स्वतःला गेमर म्हणवणारे पुरुष मात्र १५ टक्के, स्त्रिया ६.

खेळण्याची आवड एवढी बरोबरीची, तर स्पर्धेच्या गेममध्ये मुली मागे का दिसतात? मुलांचा हात जलद, नजर तयार, असं ठोकून दिलं जातं. संशोधक कुइहुआ शेन आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये हे तपासलं. लोकांना विचारत न बसता त्यांनी थेट सर्व्हरवरच्या नोंदी घेतल्या: अमेरिकेतला ‘एव्हरक्वेस्ट टू’ आणि चीनमधला एक गेम, मिळून दहा हजारांहून अधिक खेळाडू. वरवर पाहता पुरुष पुढे होते. पण कोण किती वेळ खेळलं, हे हिशेबात धरताच स्त्रिया निदान पुरुषांइतक्याच वेगाने वरच्या पातळ्या गाठताना दिसल्या. हे पातळ्या चढण्याचे गेम, नेमबाजीचे नव्हेत, हे खरं. नेमबाजीसाठी टोरांटो विद्यापीठाचा २००७चा प्रयोग आहे. असे गेम न खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना १० तास ‘मेडल ऑफ ऑनर’ खेळायला दिला, तेव्हा नजरेच्या कडेला आलेली वस्तू टिपण्यातलं मुलग्या-मुलींमधलं अंतर जवळपास मिटलं, आणि आकृती मनातल्या मनात फिरवण्यातलं कमी झालं. प्रयोग लहान होता, त्यावर फार भार टाकू नये.

तेव्हा मुद्दा तासांचा, आणि तास घरातच अडतात. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. बीजीएमआयचा पूर्ण सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो आणि तो मध्येच थांबवता येत नाही. ‘अगं, कुकर बंद कर’ अशी हाक आली की मोबाइल खाली, आणि चार जणांच्या स्क्वॉडमधले उरलेले तिघं वैतागलेले. मोबाइलशी खेळलेला लुडो बिचारा थांबतो. माझ्या मते गेमच्या निवडीत ‘बायकी आवड’ शोधण्याआधी कोणता गेम थांबवता येतो, ते पाहावं.

वेळ मिळाला तरी माइक आहेच. शत्रू कुठे लपलाय, हे साथीदाराला बोलून सांगावं लागतं. संशोधक जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसी रोझ यांनी ‘हेलो ३’ या नेमबाजीच्या गेममध्ये तीच ती ध्वनिमुद्रित वाक्यं कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या आवाजात ऐकवली. स्त्रीच्या आवाजाला तिप्पट वाईट शेरे मिळाले. पुढे २०१५मध्ये कुझनेकॉफ यांनी मायकल कासुमोविक यांच्यासह पाहिलं की हे शेरे मारतं कोण. खालच्या पातळीवरचे, वाईट खेळणारे पुरुष स्त्रीच्या आवाजावर जास्त घसरत होते. पुरुष साथीदारापुढे मात्र तेच नमतं घेत. चांगले खेळणारे त्या मानाने बरेच सभ्य निघाले. हे वाचून कुणाला आपल्या ऑफिसातला एखादा साहेब आठवला, तर नवल नाही. अशा वेळी मुली माइक बंद ठेवतात, म्हणजे संघाच्या खेळात अर्ध्या माहितीवर खेळतात.

बघणाऱ्यांचंही तेच. नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखने जानेवारी २०२४मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर जाहीर तक्रार केली होती की, प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब पाहतात. तेव्हा ती १८ वर्षांची होती. जुलै २०२५मध्ये तिने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. त्याच उन्हाळ्यात रियाधच्या ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, विश्वचषकात बुद्धिबळही आलं. म्हणजे बुद्धिबळ आणि व्हिडिओ गेम, दोन्हींकडे तो प्रेक्षक आता एकच.

चांगलं खेळणारी मुलगी दिसली की हाच प्रेक्षक आधी फसवणूक शोधतो. २०१६मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘गेगुरी’ या खेळाडूवर ‘ओव्हरवॉच’ या नेमबाजीच्या गेममध्ये नेम साधणारं बेकायदा सॉफ्टवेअर वापरल्याचा आरोप झाला. चौकशीत ती निर्दोष ठरली, तरी तिला स्टुडिओत हातांवर कॅमेरा लावून सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं. २०१८मध्ये शांघाय ड्रॅगन्स या संघाने तिला घेतलं आणि ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली. त्या मोसमात शांघायने ४०पैकी ४० सामने गमावले. मात्र ती येण्याआधीही ते हरतच होते.